परक्या दोरीवरचे ऑक्टोपस

मनोरीला रविवारी सकाळी पिकनिकवाले यायला लागले की माझी आय ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. मार्व्याच्या फेरीबोटीतून उतरलेली ही माणसं, डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. न चुकता विचारायची, "इकडे बघण्यासारखं काय आहे?" आय म्हणायची, "समुद्र." ती माणसं म्हणायची, "ते झालं. अजून?" मग आय आत जायची आणि मला सांगायची, "समुद्र झाला म्हणे यांचा."

त्याच आयचा मुलगा, शिकायला अथेन्सला गेलेला, एका शनिवारी एजिना नावाच्या बेटावर बोटीतून उतरला. डोक्यावर टोपी, हातात बाटली. धक्क्यावर पिस्ते विकणाऱ्या माणसाला मी इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला तो हाच, की इथे बघण्यासारखं काय आहे. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. पिस्तेवाल्याने हनुवटी वर उडवली आणि तोंडाने 'च्' केलं. आपल्याकडे अशी मान उडवली की त्याचा अर्थ 'काय?' असा होतो, म्हणून मी तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला. त्याने परत मान उडवली. मी परत विचारलं. ग्रीक लोक 'नाही' म्हणायला मान वर उडवतात हे मला पुढे कधीतरी कळलं. पण बेटावर बघण्यासारखं काही नाही असं तो सांगत होता, की मला इंग्रजी येत नाही असं, हे आजही कळलेलं नाही.

बरोबर मुलुंडची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. परदेशात मुंबईचं माणूस भेटलं की मैत्री करावीच लागते, तशी आमची झाली होती. तिने दिवसभराचं वेळापत्रक फोनमध्ये लावून ठेवलं होतं: जुनं ग्रीक देऊळ, मग दक्षिण टोकाचं कोळ्यांचं गाव, मग जेवण, मग पाचची बोट. मी सगळ्याला हो म्हणत होतो, कारण माझं लक्षच नव्हतं. बेट बघायला मी आलोच नव्हतो. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि होस्टेलच्या खोलीत ते सुचत नव्हतं.

प्रश्न घराचा होता. वडील गेल्यापासून आय मनोरीच्या घरात एकटी राहत होती. मागच्या दोन खोल्या सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायची, पुढच्या अंगणात बोंबील वाळवायची. बोरिवलीतल्या एका माणसाला घर आणि वाडी मिळून सगळंच विकत हवं होतं, तिथे त्याला कॉटेज बांधायची होती. तो रविवारी सकाळी उत्तर घ्यायला येणार होता. विकलं तर आय बोरिवलीला मावशीकडे राहायला जाणार. ठेवायचं की द्यायचं, एवढंच तिने मला विचारलं होतं. "मी काय सांगू? तुझं हाय ते. तू शनवारी सांग." मी म्हटलं, सांगतो. शनिवार उजाडला होता आणि मी पिस्तेवाल्याशी मान उडवण्याचा खेळ खेळत होतो.

देवळात मी खांबांकडे बघत उभा राहिलो. माझ्या मनातलं उत्तर खरं तर तयार होतं: ठेव. पण का, ते मला सांगता येत नव्हतं. मी परत जाऊन तिथे राहणार होतो का? माहीत नाही. पुढची तीन वर्षं इथेच थांबायची संधी आली होती आणि ती मला सोडवत नव्हती. मग एका बाईने एकटीने ते घर माझ्यासाठी का राखायचं? आपण जगभर हिंडावं आणि आपलं घर मात्र जिथल्या तिथे असावं, असं काहीतरी मला वाटत होतं. हे तोंडाने बोलायची छाती नव्हती.

"तू खांब मोजतोयस का?" मुलुंडकरीण म्हणाली. "चल यार, बस चुकेल."

कोळ्यांच्या गावात उतरलो आणि मला बरं वाटलं, कारण वास ओळखीचा होता. जाळी, डिझेल, चुन्याने रंगवलेल्या भिंती. एका घरासमोर दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते. आमच्याकडे माकुल मिळतं, त्याचाच हा थोरला भाऊ. आठही पाय खाली सोडून, धुतलेल्या पायमोज्यांसारखे ओळीने लटकत होते. आमच्या अंगणात बांबूंच्या मधल्या दोऱ्यांवर बोंबील असतात, इथे हे. मुलुंडकरणीने फोटो काढले. मी काढले नाहीत. आमच्या बोंबलांचे फोटो काढणाऱ्यांना आय काय काय म्हणायची ते मला पाठ होतं.

तेवढ्यात डोंगराकडून काळा ढग आला. वारा फिरला, आणि माझ्या हातावर पावसाचा चांगला जाड थेंब पडला.

इथे आमच्या आळीचा एक रिवाज सांगायला हवा. आभाळ भरलं की वाळत घातलेली मासळी, जो जवळ असेल त्याने उचलायची. दोरी कोणाची, मासे कोणाचे, ते नंतर. एकदा भिजलेले बोंबील कुजतात, आणि एका घराचे बोंबील म्हणजे एका घराचे कित्येक दिवस. आमच्या शेजारणीशी आयचं बोलणं बंद होतं, नळाच्या पाण्यावरून. तरी शाळेतून येताना दप्तर रस्त्यात टाकून मी तिचे बोंबील कितीदा काढले होते. तिनेही आमचे काढले होते, नीट टोपल्यात भरून आमच्या ओट्यावर ठेवले होते. बोलणं मात्र शेवटपर्यंत सुरू झालं नाही.

तर दुसरा थेंब पडला आणि माझे हात चालायला लागले. दार बंद होतं, कोणी दिसत नव्हतं. मी एकेक ऑक्टोपस काढून डाव्या हातावर टाकत सुटलो. मुलुंडकरीण मागून ओरडत होती, "अरे, काय करतोयस तू?" मी म्हटलं, "बघत काय राहिलीस, पलीकडून काढ." ती जागची हलली नाही.

दार उघडलं. काळ्या झग्यातली एक म्हातारी बाहेर आली आणि तिला काय दिसलं असेल ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तिच्या अंगणात एक अनोळखी सावळा माणूस, कवेत तिचे सगळे ऑक्टोपस, आणि तो पळायच्या तयारीत. ती ओरडली. भाषा कळत नव्हती, पण सूर ओळखीचा होता; आय पिकनिकवाल्यांवर याच पट्टीत ओरडायची. मला ग्रीकमधले दोनच शब्द येत होते, त्यांतला एक तोंडातून गेला: एफ्खारिस्तो. म्हणजे धन्यवाद.

मी आभाळाकडे बोट दाखवलं. म्हातारीने वर बघितलं. मीही बघितलं. ढग समुद्रावर निघून गेला होता आणि लख्ख ऊन पडलं होतं. पाऊस म्हणून जो काही होता, तो दोन थेंबांतच संपला होता.

मुलुंडकरणीने फोनमध्ये भाषांतर करून दाखवलं, की हा मुलगा चोर नाही, त्याला वाटलं पाऊस येतोय. म्हातारीने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हनुवटी वर उडवून 'च्' केलं. मग माझ्या हातातला एकेक ऑक्टोपस ओढून परत दोरीवर टाकला. मी एक टाकायला गेलो तर माझा हात तिने बाजूला केला. सगळे आहेत ना ते नीट पाहिलं, आत गेली, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून बघत राहिली.

मला फार लागलं. एवढं का लागावं तेही कळेना. ती बाई तिच्या जागी बरोबर होती. मीसुद्धा माझ्या जागी बरोबर होतो, पण माझी जागा तिथे नव्हती.

"चोर तो चोर, वर थँक्यू," मुलुंडकरीण जेवताना हसत होती. मग माझा चेहरा पाहून थांबली. "तुला कोणी सांगितलं होतं रे उचलायला?"

"कोणी सांगावं लागत नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे असंच असतं."

पाचच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो, तेव्हा मनोरीला दिवेलागण झाली असणार. मी आयला फोन लावला. आता 'ठेव' म्हणायला माझ्याकडे कारण होतं. जिथे परक्याचे मासे उचलणाऱ्याला चोर म्हणत नाहीत, अशी एक जागा मला जगात हवी होती. आधी ऑक्टोपसची गोष्ट सांगायची आणि त्यावरून 'ठेव'वर यायचं, असं मी ठरवलं.

गोष्ट सांगितली. वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

"परवा हितं पण पडला," ती म्हणाली. "अवकाळी. मी गेलेली बोरिवलीला, मावशीकडं. बोंबील भायेर."

"मग कोणी उचलले?"

"कोण उचलणार?"

"बाजूची?" मी विचारलं. बोलणं बंद असलेली ती शेजारीण.

"तिनं घर देऊन वरीस झालं. तुला सांगितलं नव्हतं काय? तिथं आता भाडेकरू येतात, दोन दिसांचे. पोरं चांगली होती. पाऊस पडताना त्यांनी बोंबलांचा व्हिडिओ काढला. मी आल्यावर मला दाखवला पण. चांगला आला होता." "बोंबील टाकून दिले. ती असती तर काढले असते तिनं."

आय त्या बाईशी माझ्या आठवणीत एक शब्द बोललेली नव्हती, आणि आता तिची आठवण काढत होती. मी सकाळपासून ज्या गावासाठी घर राखायला सांगणार होतो, ते गाव आयच्या दारासमोरून केव्हाच उठून गेलं होतं. त्याचा रिवाज तेवढा मी एका ग्रीक बाईच्या अंगणात पाळून आलो होतो.

"मंग काय ठरवलंस?" तिने विचारलं. "तो सकाळी येल."

बोट धक्क्याला लागत होती. मुलुंडकरीण हात करत होती. 'ठेव' हा शब्द जिभेवर होता, आणि तो म्हणजे आयला एकटीला आभाळाकडे बघत बसवणं होतं.

"देऊन टाक, आय," मी म्हटलं.

मागे मनोरीचा समुद्र ऐकू येत होता, की एजिनाचाच, ते मला सांगता येणार नाही.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या तिकडल्या बाईचे भिजले नाय ना?"

"नाही."

"मंग बरं केलंस," आय म्हणाली.