झाब्लॉनच्या नंबरावरची माणसं

सहाशे बारा माणसं झाब्लॉन ओवितीच्या फोनमध्ये राहत होती, आणि दुकानात मात्र दिवसभर कुणी फिरकत नव्हतं.

एन्धिवाच्या बाजारात पहिलं सायबर कॅफे त्यानं काढलं, तेव्हा इथं कुणाकडे ई-मेल नव्हता आणि निम्म्यांकडे फोनही नव्हता. सरकारी फॉर्म, नर्सिंगचा अर्ज, दवाखान्याचं खातं, काहीही असो, माणसं त्याच्या बाकावर येऊन बसायची. वेबसाइट विचारायची: नाव, जन्मतारीख, आईचं नाव, फोन नंबर, ई-मेल. पहिल्या तीन गोष्टी माणसं सांगायची, उरलेल्या दोन झाब्लॉन स्वतःच्या टाकायचा. सगळेच सायबरवाले हेच करायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या बापालाही वाटलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत पानभर मजकूर असायचा, की तुमची माहिती आम्ही कशाला वापरू, कुणाला देऊ, किती वर्षं ठेवू. त्याखालच्या चौकटीत झाब्लॉननं सहाशे बारा वेळा ‘मान्य’ केलं आणि एकदाही तो मजकूर वाचला नाही. वाचणार कधी हो? बाहेर ही रांग!

मग फोन वाजायला लागला. ‘प्रिय फिलेमोन, वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ ‘प्रिय बेरिल, आपला अर्ज नामंजूर झाला आहे.’ कुणी एकदा बाळाचं दुपटं मागवलं की पुढची चार वर्षं जाहिराती येत राहायच्या. आता दात येतील, आता चालायला लागेल, आता बूट घ्या! दुपटं विकणाऱ्याला पोराचं वय बापापेक्षा पक्कं ठाऊक. झाब्लॉन दुकान बंद करून हे निरोप घरोघर पोचवायचा. लोक बसवून घ्यायचे, मक्याच्या पिठाचं कुओन आणि मासळी पुढ्यात ठेवायचे. त्याची बायको किसुमूला भावाकडे गेली ती परतलीच नव्हती, मूलबाळ नव्हतं. हे निरोप हाच त्याचा गोतावळा होता.

आणि मग ते रिस्परचं झालं.

तिचं दवाखान्याचं खातं झाब्लॉनच्याच नंबरावर होतं. एकदा खाटकाच्या दुकानात रिस्परचा नवरा भेटला. झाब्लॉन लांबूनच ओरडला, "अरे, बायकोला सांग, दवाखान्याची तारीख गुरुवारवर गेलीय."

"कसली तारीख?"

"तीच, औषधाची. दर तीन महिन्यांची नाही का?"

तिथं आणखी चार जण उभे होते. नवऱ्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं. पण दर तीन महिन्यांनी औषध मिळतं ते कुठल्या आजाराचं, ज्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही, ते तिथं सगळ्यांना कळलं. संध्याकाळी रिस्परची पेटी रस्त्यावर आली. झाब्लॉनला वाटलं होतं, आपण उपकार करतोय. माणूस वाईट नव्हता, पण मूर्ख, अगदी ठार मूर्ख!

दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. "म्झे, मी तुमचं काय वाईट केलं होतं?" एवढंच म्हणाली आणि गेली. वडीलधाऱ्याला म्हणतात ते ‘म्झे’ तिनं तेव्हाही सोडलं नाही. त्यानंतर सहा वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. मावशीकडे राहायची, बाजारात ओमेना, ती बारीक सुकी मासळी, विकायची.

गावानंही मग त्याला टाळलं. "त्याच्यासमोर खोकू नका रे, उद्या किसुमूपर्यंत कळेल," असं लोक त्याच्या देखत म्हणायचे. तोवर ज्याच्या त्याच्या हाती फोन आले होते, त्यामुळे त्याच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

निरोप मात्र येतच राहिले. आता तो कुणाला सांगत नसे, नुसता वाचायचा. रिस्परची तारीख असली की सकाळपासून दाराशी बसायचा. पिवळी छत्री घेऊन ती मटाटूच्या थांब्याकडे जाताना दिसली की त्याच्या जिवात जीव यायचा. मग आत जाऊन चहा ठेवायचा.

यंदा जूनमध्ये दवाखान्याचा नवा नियम आला. एका नंबरावर अनेकांची खाती चालणार नाहीत. ज्याची माहिती त्यानं तीस तारखेच्या आत स्वतःच्या नंबरावर न्यावी, नाहीतर खातं बंद होऊन आतलं सगळं पुसलं जाईल. रिस्परची नऊ वर्षांची नोंद आत होती, कुठलं औषध तिला सोसलं, कुठलं नाही. एका औषधानं ती मरता मरता वाचली होती. नोंद गेली तर नवा डॉक्टर तेच औषध पुन्हा हातावर ठेवायचा.

तिला सांगायचं कसं? ओमेनाच्या टोपल्यांपर्यंत तो दोनदा गेला. तिनं पाठ फिरवली आणि शेजारणींनी कान टवकारले. मावशीजवळ निरोप ठेवावा तर मावशी विचारणार, कशाचा? चिठ्ठी पाठवावी तर नेणारा ती उघडून बघणार. एका माणसाला बोलावलं की त्या माणसाचं काहीतरी आहे, हे गावाला कळणारच. झाब्लॉनची झोप उडाली.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सूचना सुरू झाल्या, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"माझ्या नंबरावर ज्यांची खाती आहेत, त्यांनी तीस तारखेच्या आत आपापला फोन घेऊन या. कुणाचं, कशाचं, ते मी सांगणार नाही. सगळ्यांनीच या."

"सांगणार नाही?" मागून फिलेमोन म्हणाला. "म्झे, तब्येत बरी आहे ना?"

सगळं चर्च हसलं. बायकांच्या रांगेत रिस्पर खाली बघत बसली होती.

लोक आले. खातं हलवायला लागणारा आकडा झाब्लॉनच्या फोनवर यायचा. तो न बघता फोन पुढे करायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. फिलेमोन गेला, बेरिल गेली. जो जाई, तो आपले निरोप घेऊन जाई. फोन गप्प होत चालला. हे होणार हे झाब्लॉनला ठाऊक होतं, तरी घर रिकामं होताना बघावं तसं त्याला होत होतं.

रिस्पर आली नाही. तीस तारखेला दुपारी त्यानं आशा सोडली, आणि तेवढ्यात ती दारात उभी राहिली.

"फोन द्या."

तो देऊन त्यानं तोंड फिरवलं. "मी बघत नाही, पोरी."

"आता? सहा वर्षं वाचलंतच की."

"वाचलं. खोटं कशाला बोलू?"

ती आकडा दाबत राहिली. मग म्हणाली, "जुना नंबर काढून टाकू का, असं विचारतंय."

"काढ."

"काढला." तिनं फोन बाकावर ठेवला.

"मला माफ कर, रिस्पर."

"ते माझं मला जमेल तेव्हा बघीन," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर फोन वाजलाच नाही. तरी झाब्लॉन तो रोज चार्ज करून बाकावर उताणा ठेवायचा. सप्टेंबर आला. तिची तारीख कुठली, हे आता त्याला माहीत नव्हतं. तो आपला रोजच दाराशी बसायचा.

एका सकाळी पिवळी छत्री दिसली. ती बाजारात निघाली असेल, नाहीतर कुणाच्या मयताला. कळायचा मार्ग नव्हता. ‘कुठं निघालीस?’ हे आमच्याकडे रस्त्यात भेटेल त्याला विचारतात, न विचारणाऱ्याचाच राग येतो. शब्द त्याच्या अगदी ओठावर आले होते. त्यानं ते गिळले आणि नुसता हात वर केला.

ती चार पावलं पुढे गेली, आणि थांबली.

"दवाखान्यात चाललेय, म्झे. आज तारीख आहे."

"बरं," झाब्लॉन म्हणाला.

ती गेली. सहा वर्षांत कुणी त्याला आपणहून काही सांगितलं नव्हतं. त्यानं आत जाऊन चहा ठेवला, आणि तो उकळून आटला तरी त्याचं लक्ष नव्हतं.