एरंडोलच्या गाडीतला शेवट

‘जुनामा असं नव्हतं.’

आमच्या शेजारच्या अक्का हे वाक्य डावा हात झटकून म्हणायच्या, बोटांना लागलेलं पीठ झटकावं तसा. जळगावचा चहा असो, गल्लीतला नवा किराणावाला असो, नाहीतर माझी नवी सून असो. अक्कांच्या लेखी जुन्यात असं काही नव्हतं. सून माझी, तेव्हा मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या दिवशी मला जरा बरंच वाटलं.

तुमच्याही गल्लीत सिनेमा सांगणारी एखादी असेलच. आमच्या अक्का उन्हाळ्यात बिबडे करताना सांगायच्या. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. शिजवलेला चीक गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा आणि फडकं उलटं करून खाटेवर सोडायचा. चीक गार झाला की बिबडा फाटतो. त्यामुळे एकदा पातेलं उतरलं की गच्चीवरून कुणालाच हलता येत नाही. अक्कांना असेच श्रोते हवे असत.

सिनेमा दरवर्षी तोच, भावाबहिणीचा. नाव सांगत बसत नाही. तुमच्या आईने त्यात पदर भिजवलाच असेल. भाऊ शहरात जाऊन मोठा होतो, कुणीतरी कान भरतं, आणि तो बहिणीचं तोंड बघेनासा होतो. ती बिचारी प्रत्येक सणाला दारात वाट बघते. पहिलं पातेलं संपलं की अक्का ओरडायच्या, ‘इंटरवल!’ मग चहा. दुसऱ्या पातेल्याच्या तळाशी शेवट. बहीण आजारी पडलेली असते आणि भाऊ धावत येतो.

‘तो दारमा उभा,’ अक्का आवाज खाली आणायच्या. ‘आते ती काय बोलनी, माहीत शे? “उना का भाऊ? पाय धोय, जेवाले बठ.” बस. इतलंच.’

आलास का, पाय धू, जेवायला बस, एवढंच. झालं, आमचे डोळे वाहायला लागायचे. दरवर्षी! गोष्ट पाठ, तरी रडं ठरलेलं. हात चिकात, त्यामुळे डोळे खांद्याला पुसायचे.

अक्कांचा सख्खा भाऊ एरंडोलला. त्याला त्या नाना म्हणायच्या. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणायचं. अक्कांच्या दारी मुराळी यायचा बंद झाला होता. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अक्कांच्या लेकीच्या लग्नात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. नानांची गाडी वाटेत बंद पडली. मुहूर्त टळू नये म्हणून यजमानांनी अक्कांच्या लांबच्या एका भावाला मामा म्हणून उभं केलं. नाना पोचले तेव्हा मंगलाष्टकं संपली होती. ते पाणीसुद्धा न घेता परत फिरले. पुढे यजमान वारले तेव्हा लोकांसारखे आले आणि लोकांसारखे गेले. अक्काही हट्टी. ‘त्याले गरज नही, तर माले कसाले?’ म्हणायच्या, आणि आखाजीच्या दिवशी उगाच दार झाडत राहायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या सिनेमाचा नवा अवतार आला. आम्ही बिबड्यांच्या बायका अक्कांना दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर फ्रीज दिसला, ‘जुनामा माठ व्हता.’ भाऊ विमानातून उतरला, ‘जुनामा पायी ये तो.’ पुढचा माणूस दोनदा मागे वळून बघून कंटाळला.

शेवट आला. भाऊ धापा टाकत दाराशी पोचला. दाराला कुलूप. शेजारणीने त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, ‘कालच गेली हो.’

अक्का ताडकन उभ्या राहिल्या. ‘यास्नी शेवट बदली टाका! मारी टाकं तिले, मेल्यास्नी!’ दिवे लागले तरी त्यांचं चालूच. रिक्षात चालू, गल्लीत शिरल्यावर चालू. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं की शेवट बदललाय, हा सिनेमा कुणी बघू नका.

मी पडले खोडीची. घरी आल्यावर मोबाइलवर जुना सिनेमा लावला. माठ होता, पायी येणारा भाऊ होता. आणि शेवटी दाराला कुलूप होतं. तेच कुलूप, तीच किल्ली.

पोटात ठेवणं मला कधी जमलंय? सकाळी गेले तर अक्का भेंडी पुसत होत्या. म्हटलं, ‘अक्का, जुन्यातही कुलूपच आहे.’

‘खोटी बोलस तू.’

मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून ते दृश्य शेवटपर्यंत पाहिलं. मग भेंडीचं ताट बाजूला सरकवलं.

‘मी शेवट पाहेलच नही,’ त्या म्हणाल्या.

त्यांचं लग्न ठरलं तेव्हा नाना त्यांना साड्या घ्यायला धुळ्याला घेऊन गेले होते. खरेदी लवकर आटोपली, म्हणून दोघं सिनेमाला बसली. तेव्हा खेड्यावरच्या माणसांचा सिनेमा एस.टी.च्या वेळेपर्यंतच असायचा. एरंडोलची शेवटची गाडी चुकू नये म्हणून नानांनी त्यांना हाताला धरून उठवलं, तेव्हा पडद्यावर बहीण नुकतीच अंथरुणाला खिळली होती. गाडीत अक्का रडायच्या थांबेनात. पारोळ्यापर्यंत रडल्या. शेवटी नाना म्हणाले, ‘रडू नको. मी सांगस शेवट. तो येस, दारमा उभा राहस, आणि ती बोलस...’

अक्का थांबल्या. पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

‘तो शेवट मन्हा भाऊना शे,’ त्या म्हणाल्या. ‘सिनेमाना नही.’

मग उठल्या, पिशवी काढली, बिबड्यांचा डबा भरला. आखाजी तोंडावर आली होती. ‘मुराळी येत नही ना? मंग मीच मुराळी. कुलूप लागाना पहिले जावाले पाहिजे.’

मी त्यांना एरंडोलच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटल्यावर माझ्या जिवाला घोर लागला. नानांनी दारातूनच परत लावलं तर? या वयात, त्या उन्हात ही बाई जाणार कुठे? आगाऊपणा माझा आणि चटके तिला!

फोन संध्याकाळी आला. नाना हल्ली एकटेच असतात, डोळ्यांनी फार कमी दिसतं. दारात कोण उभं आहे ते त्यांना कळलंच नाही. अक्का नुसतं ‘नाना’ म्हणाल्या.

‘मंग?’ माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

‘मंग काय! बोलना, “उनी का बाई? पाय धोय, जेवाले बठ.”’

एवढं सांगून अक्का फोनवर मोठ्याने रडल्या. मीही रडले, आणि सून बघत होती तरी रडले.

त्या तिकडेच राहिल्या. नानांना करून घालणारं कुणी नाही, आणि अक्कांना ‘जुनामा असं नव्हतं’ म्हणून दाखवायला एरंडोलमध्ये पुष्कळ काही आहे. यंदा बिबडे आम्ही त्यांच्याशिवाय केले. सिनेमा मीच सांगितला, शेवट अर्थातच नानांचा.

अक्कांच्या दाराला आता कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे, सिनेमातल्या शेजारणीकडे असते तशी. कुणी येऊन विचारलं की सांगते, भावाकडे गेल्यात.