मास्तरांच्या झाडाची वाळकी पानं

परवा रोपवाटिकेत ओल्या गोणपाटाचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली तुमसरची एक सकाळ आठवली.

बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याने मला आणि शेजारच्या मास्तरांना आपल्या शिंगाच्या झाडाचं एकेक पिल्लू दिलं होतं. फळीवर गोणपाटाने बांधून घरात वाढवायचं हे नेचे, म्हणजे फर्न. पानं सांबराच्या शिंगांसारखी. दोन वर्षांत मास्तरांचं हातभर झालं, माझं बोटभर राहिलं. लोक माझ्या दारावरून त्यांचं झाड पाहायला जात.

त्या सकाळी मास्तर फळी घेऊन माझ्या ओट्यावर आले. झाडाच्या बुडाला तपकिरी, कागदासारखी पानं चिकटलेली होती.

"भाऊ, पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. हे वाळले पानं काढून टाकू का? वाईट दिसते."

ती पानं मुळांची ढाल असतात, कधीच काढायची नसतात, हे अधिकाऱ्याने मला सांगितलं होतं. मास्तर तेव्हा शाळेत होते.

"काढा ना," मी म्हणालो. "वाळलेच तर आहेत."

त्यांनी ती एकेक करून सोलली. मी केरसुणी आणून दिली.

उन्हाळ्यात झाड गेलं. "माह्या हातालेच गुण नाही, भाऊ," मास्तर म्हणाले. "तुमचं तरी जगवू." मग ते रोज येऊन माझी फळी बादलीत बुडवू लागले. वर्षभरात माझं झाड हातभर झालं. लोक पाहायला येत, माझं कौतुक करत. ते कोणाच्या हाताने वाढलं हे मला ठाऊक होतं, आणि तेही मला सहन होत नव्हतं.