एकटीनं उचललेलं चाक

विजूचा फोन आला तेव्हा मी धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते. "मामी, आक्का गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "सकाळी चहा मागितला, घेतला, आणि गेली." मी हातातली घडी पूर्ण केली, कपाटात ठेवली आणि मगच खुर्चीवर बसले. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, ईरा आणि नील, कारण तुम्ही दोघं इतक्या लांब आहात की तुमच्यापर्यंत फक्त बातमी पोहोचते, तिच्या आजूबाजूचं काही पोहोचत नाही.

आता महिना होत आला. इतके दिवस काही लिहिलं नाही. पण परवा तिसऱ्यांदा ती श्रद्धांजलीची जाहिरात माझ्या हाती आली. गावाकडच्या नातेवाइकांनी छापून घेतलेली. आक्काचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि खाली तीन शब्द : प्रेमळ, शांत, सोशिक. प्रेमळ होती, त्याबद्दल वाद नाही. पण शांत? आणि सोशिक? शेवंताआक्का सोशिक असती तर ती जन्मभर दिराच्या चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली असती, आणि विजू आज जिथं आहे तिथं नसती. माणूस गेल्यावर त्याच्या अंगावर असं बेमापाचं कापड चढवायचा अधिकार कुणाला नाही. म्हणून ती जाहिरात छापणाऱ्यांची आधीच क्षमा मागून, आणि खरं तर तुम्हा दोघांसाठी, जे घडलं ते क्रमानं लिहिते.

शेवंताआक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. तिला सोलापूरजवळच्या कुंभारी गावात दिलं होतं. मी लग्न होऊन सोलापुरात आले, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा आक्काचा नवरा ताप येऊन नुकताच वारला होता. विजू कडेवर होती. जमिनीचा लहानसा तुकडा, दोन बैल आणि एक लाकडी चाकांची गाडी एवढं तिच्या वाट्याला आलं. आक्काचा नवरा त्या गाडीतून कडबा भरून सोलापूरच्या बाजारात आणायचा, त्यावर घर चालायचं. आक्कानं ठरवलं, आता आपण हाकायची.

तिचे थोरले दीर, तात्या, हे गावात वजन असलेलं माणूस. दुष्ट म्हणणार नाही मी त्यांना. त्यांच्या मते ते भलंच करत होते. बैल विकावेत, जमीन त्यांच्या जमिनीत घालावी, आक्कानं त्यांच्या घरात राहावं, शेतात राबावं आणि दोन वेळा जेवावं. बाईमाणसानं गाडी हाकायची नाही. आक्का नाही म्हणाली, तेव्हा तात्या रागावले नाहीत. हसले.

"हाक की," ते म्हणाले, "पण वंगण कोण घालणार? चाक उचलायला तीन माणसं लागत्यात. तुज्याकडं किती हाईत?"

इथं तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं. लाकडी चाक ज्या लोखंडी कण्यावर फिरतं त्याला वरचेवर वंगण द्यावं लागतं. तेव्हा एरंडेल तेलात काजळी कालवून ते घरीच करत. पण वंगण आत जायला चाक कण्यावरून बाहेर ओढावं लागतं, आणि त्यासाठी गाडीची ती बाजू आधी उचलून धरावी लागते. दोन गडी खाली वाकून गाडी पाठीवर घेणार, तिसरा खीळ काढून चाक ओढणार, वंगण फासणार, चाक परत बसवणार. शेजारीपाजारी एकमेकांना हाक मारतात आणि काम होऊन जातं. तात्यांनी फक्त एवढंच केलं... शेवंताच्या हाकेला जायचं नाही, असं चार घरी सांगून ठेवलं.

तुमचे आजोबा एका रविवारी जाऊन कुणाला तरी सोबत घेऊन वंगण घालून आले. आक्कानं त्यांना जेवू घातलं आणि सांगितलं, "वसंता, रविवारच्या रविवार गाडी चालत न्हाय. पुन्यांदा यायचं न्हाय."

मग तिची गाडी कोरड्या कण्यावर चालायला लागली. असा कण्हण्याचा, किंचाळण्याचा आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही. दात शिवशिवायचे. आक्काच्या घरून बाजाराच्या रस्त्याला लागायला दोन वाटा होत्या. जवळची वाट सोडून ती रोज सकाळी तात्यांच्या दारावरून गाडी न्यायची. तात्या ओट्यावर चहा घेत बसलेले असायचे.

"अगं, कान किटले माजे!"

"वंगान घाला की मग," आक्का गाडीवरूनच सांगायची आणि कासरा ओढायची.

पण हे फार दिवस चालणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. बैलांची मान सुजायला लागली होती. ओढ वाढली की जनावर थकतं, आणि कणा झिजला की गाडी संपते. गाडी संपली की तात्यांची चूल. एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली, विजूला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ओच्यातून गाठ मारलेली सुतळी काढली. सोलापूरच्या बाजारात तिनं एका परगावच्या गाडीवानाकडं काहीतरी पाहिलं होतं. एक लाकडी खांब, त्याच्या डोक्यावर खिळीत अडकवलेला लांब दांडा. दांड्याचं आखूड टोक कण्याखाली घालायचं, लांब टोक खाली दाबायचं, की चाक जमिनीवरून उचललं जातं. मग दांड्याचं टोक साखळीनं खांबाच्या बुडाशी अडकवायचं. हात मोकळे. त्या गाडीवानाला तिनं विचारलं होतं, "मी दाबून बघू का?" त्यानं दाबू दिलं. "आवो, माज्या वजनानं चाक उठलं!" हे सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही. सुतळी म्हणजे तिच्या गाडीची जमिनीपासून कण्यापर्यंतची उंची होती.

कुंभारीचा सुतार हे करून देईना. "दिरांना इचारून या," म्हणाला. मग आम्ही दोघी आमच्या पेठेच्या पलीकडं विणकरांच्या वस्तीत, हातमागाचं सामान करणाऱ्या एका सुताराकडं गेलो. घरी तेलुगू बोलणारा माणूस, पण मराठीही झकास.

"अक्का, माग सांगा, आत्ता उभा करतो. गाडीचं काम आपलं नव्हे."

"माग बी लाकडाचाच आसतो न्हवं?"

"असतो. पण हे बायकांचं काम नव्हे. मालक कुठायत?"

"वर गेल्यात," आक्का म्हणाली. "बोलवून आनता का?"

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि बाभळीचा ओंडका ओढून पुढं घेतला.

तयार झालेला टेकू घेऊन आम्ही सगळेच रविवारी कुंभारीला गेलो. आम्ही त्याला टेकूच म्हणायचो. त्याला काही खास नाव असलं तर मला माहीत नाही. आक्कानं गाडी अंगणात ठेवली नाही. घरापुढच्या रस्त्यात, टणक जागेवर आणून उभी केली, बैल सोडले. बायका दारात आल्या, पुरुष पारावरून उठून आले. आक्कानं टेकू लावला... आणि तो आखूड पडला. चार बोटं. दांडा पूर्ण दाबला तरी चाक जमिनीला टेकलेलंच.

कुणीतरी हसलं. झालं असं होतं की आक्कानं माप घेतलं ते गाडी गव्हाणीजवळ उभी असताना, आणि तिथं ओल्या मातीत चाकं चांगलीच रुतलेली होती. तिनं मातीतलं माप आणलं होतं आणि काम आता दगडावर होतं. तुमचे आजोबा गाडीला पाठ लावायला पुढं सरसावले. आक्का त्यांच्यावर ओरडली.

"वसंता! हात लावायचा न्हाय!"

त्यांनी हात लावला असता तर गावानं म्हटलं असतं, भाऊ आला म्हणून चाक उठलं. ती घरात गेली आणि स्वयंपाकघरातला पाटा दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आली. होय, चटणी-मसाला वाटायचा दगडी पाटा. तिनं तो टेकूच्या बुडाखाली सरकवला. बायकांत एकदम कुजबूज उठली. तिची जाऊ, म्हणजे तात्यांची बायको, तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया, आता वाटन कशावर वाटायचं?"

"वाटून झालंय माजं सकाळीच," आक्का म्हणाली आणि दांड्यावर ओणवी झाली.

चाक उठलं. हळूच, अगदी सावकाश, जमीन आणि चाक यांच्यात उजेडाची एक फट दिसली. तिनं साखळी अडकवली, खीळ काढली, चाक ओढून भिंतीला लावलं आणि गुडघ्यावर बसून उघड्या कण्याला वंगण फासायला लागली. तेवढ्यात तात्या आले. गर्दी बाजूला झाली.

"हे काय मांडलंयस भर रस्त्यात?"

"वंगान घालतीया."

"पाटा काढ तितनं. घरची लक्ष्मी हाय ती."

"पाटा माज्या म्हायेरचा हाय."

तात्या टेकूच्या अगदी जवळ उभे होते. एक लाथ मारली असती तर खांब पाट्यावरून घसरला असता आणि गाडी तिच्या हातावर, कदाचित अंगावर आली असती. हे त्यांना दिसत होतं, आम्हालाही दिसत होतं. आक्कानं वर पाहिलं. हात कण्यावरून काढला नाही.

"तुमाला काडायचा आसंल तर काडा," ती म्हणाली. "समदी बगत्यात."

तात्यांनी गर्दीकडं एकदा पाहिलं, मग धोतराचा सोगा हातात धरून आले तसे परत गेले. आक्कानं चाक बसवलं, खीळ ठोकली आणि दुसऱ्या बाजूला गेली. दोन्ही चाकं झाल्यावर तिनं पाटा उचलला, धुतला आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिची जाऊ दारात येऊन विचारायला लागली, "आज बाजारला गेली न्हाईस व्हय?"

"तुमच्या दारावरनंच जाऊन आले की."

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. तात्या तिच्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत. पण टेकू एकट्याला पुरतो हे गावानं पाहिलं होतं. हंगामात माणसं मिळेनात तेव्हा ज्यांनी तिच्या हाकेला ओ दिली नव्हती तेच तो मागायला यायला लागले. ती देत असे. नाही कधी म्हणाली नाही, मात्र ज्यानं त्यानं स्वतः येऊन मागायचा. तात्यांनी निरोप पाठवला तर तो तसाच परत गेला. शेवटी एका सकाळी ते स्वतः आले. दाराशी उभे राहिले, घसा खाकरला.

"ते... टेकू पायजे होता."

"न्या की," आक्का म्हणाली. "पाटा मात्र तुमचा तुमी आना."

तात्यांच्या बायकोनं पाटा दिला की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी आक्का आमच्याकडं आली ती पायरीवरच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पोटात मावेना, म्हणून सांगायला आले, म्हणाली.

त्या गाडीवर विजू वाढली. सोलापुरात आमच्याकडं राहून शिकली, आणि आम्ही सगळे नोकरी बघ म्हणत असताना परत कुंभारीला गेली. म्हशी घेतल्या, दूध सुरू केलं. स्वभाव कुठून आला, हे वेगळं सांगायला नको. पुढं टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, बैल गेले, गाडीही गेली. टेकू राहिला. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर लावायला मागितला होता, चाकांच्या आणि कंदिलांच्या शेजारी. आक्कानं त्याला विचारलं, "आनि तितं त्यो करनार काय?"

मागच्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ज्या बाईनं कुणाची पाठ मागितली नाही, तिला आता उठवायला दोन माणसं लागायची. ती रडली नाही, चिडली. विजू आणि तिचा नवरा दोन्ही बाजूंनी धरायला आले की हात झटकायची. एक दिवस तिनं टेकू पडवीतून आत आणायला लावला. बुडाला सिमेंट घालून तो पलंगाच्या कडेला पक्का बसवून घेतला आणि दांडा आडवा ठोकून टाकला. मग दांड्याला धरायची, दात आवळायची आणि उठायची. वेळ लागायचा. मी एकदा न राहवून पुढं झाले तर म्हणाली, "वैनी, तुमी बसा. बगा नुसतं." मी बसले. बघितलं. चहा गार होईपर्यंत ती उठत होती, आणि उठली.

तेराव्यानंतर त्या खोलीत गेले. पलंग काढलेला होता, गादी, औषधं, सगळं हललेलं. मोकळ्या खोलीच्या मधोमध तेवढा तो बाभळीचा खांब उभा. कुणीतरी पाहुणा म्हणाला, आता हे फोडून काढायला हवं, येता-जाता पाय अडखळतो. विजू फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माजं बी गुडघं कुरकुरायला लागल्यात की."

आम्ही दोघी त्या खोलीत जमिनीवरच बसलो, बराच वेळ. निघायची वेळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या वयात जमिनीवरून उठणं आपल्यालाही सोपं नाही. दांड्याला हात घातला. तिच्या हाताच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं आहे, पकड आपोआप तिथंच जाते. वेळ लागला. विजू शेजारी उभी होती, बघत होती, आणि तिनं हात पुढं केला नाही.