किल्ली असलेली चोर

पोलिसाने शाईची डबी माझ्यासमोर सरकवली. आधी झाकण काढलं, मग दोन्ही हातांनी सरकवली. इथे सगळं दोन्ही हातांनी देतात. अपमानसुद्धा.

"सहीऐवजी मारायचा शिक्का जवळ नसेल तर हरकत नाही," तो म्हणाला. "उजव्या हाताचं पहिलं बोट चालेल."

डबीशेजारी कागद होता. त्यावर पाच ओळी, माझ्या वतीने त्यानेच लिहिलेल्या. मी दुसऱ्याच्या मालकीची सायकल परवानगीशिवाय वापरली. मला पश्चात्ताप झाला आहे. पुन्हा असं करणार नाही. खाली माझं नाव. तेही त्यानेच लिहिलेलं, आणि चुकीचं.

शनिवारची दुपार. टोकियोतल्या एका स्टेशनाबाहेरची पोलीस चौकी. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर हरवलेल्या मांजराचं चित्र. बाहेर माझी सायकल उभी, आणि तिच्यापाशी दुसरा पोलीस उभा. जशी काही ती पळून जाणार होती.

मी लायब्ररीतून ओजिमाला खोलीवर चालले होते. सिग्नलला माझ्यापुढे तिघं होते. एकाच्या कानात इयरफोन, एकाच्या हातात छत्री, एक कॉलेजची पोरगी मोबाईलवर. सायकलवर हे सगळं इथे मना आहे. पोलिसाने तिघांना जाऊ दिलं. मला हात केला. माझ्या हातात काहीच नव्हतं. चेहरा होता.

आता सायकलीची गोष्ट. जपानमध्ये प्रत्येक सायकलवर नोंदणीचा स्टिकर असतो. नंबर सांगितला की मालकाचं नाव निघतं. सायकल दुसऱ्याला दिली तर देणाऱ्याने एक चिठ्ठी लिहून द्यायची, घेणाऱ्याने ती दुकानात नेऊन नाव बदलायचं. पाच मिनिटांचं काम. आपल्या लोकांपैकी कुणीही करत नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं की राइस कुकर, पडदे, सायकल, सगळं ग्रुपवर टाकतात, ज्याला हवं तो नेतो. कागद कोण करतं? सगळी तर आपलीच माणसं.

ही सायकल नंदूकाकांची. वीस वर्षं इथे. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे साहेब. ओजिमाच्या सरकारी बिल्डिंगमधून ग्योतोकुला स्वतःच्या घरात गेले तेव्हा सायकल मला दिली. किल्ली हातात ठेवली, किचेनसकट. किचेनवर पितळेचा छोटा गणपती. मी चिठ्ठीचं विचारलं होतं. हो, विचारलं होतं. काका हसले.

"अगं, कसली चिठ्ठी! घरातलीच आहेस तू."

पोलिसासमोर मी तीच किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, "चोराला किल्ली कोण देतं?"

तो नम्रपणे म्हणाला, "किल्ली कुलपातच राहिलेली असू शकते." आणि नोंदीतल्या मालकाला फोन लावला.

मी कोण, ते इथेच सांगते. मी पारधी आहे. इंग्रजांनी कायदा करून ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांच्यातली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी तो कायदा गेला. फौजदाराच्या डोक्यातून गेला नाही. माझा पणजा गावच्या पाटलाकडे रोज हजेरी द्यायचा. झोपायला परवानगी, उठायला परवानगी, बाजाराला जायला परवानगी. माझ्या बापाला हजेरी नव्हती. पण पंचक्रोशीत विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पहिली जीप आमच्या पालावर.

मी नऊ वर्षांची असताना अशीच जीप आली. फौजदार बापाला म्हणाला, "अंगठा दे, लगेच सोडतो." कागद कोरा होता. बापाने अंगठा दिला. आठ महिने आत होता. मोटार नंतर विहिरीच्या मालकाच्या मेव्हण्याकडे सापडली. माफी मागायला कुणी आलं नाही. जीपसुद्धा आली नाही. बाप बाहेर आला तेव्हा मला एवढंच म्हणाला, "शाई धुतली तरी जात नाय, पोरी."

म्हणून मी शिकले. हट्टाने. आणि शिकले काय, तर पोलीस. शिकागो शहरातल्या पोलिसांचा इतिहास. अमेरिकेच्या दक्षिणेतून कामधंद्यासाठी आलेल्या काळ्या माणसांना रस्त्यात कसं अडवलं, गुन्हा नसताना त्यांच्या नावाची पोलिसी नोंदीची कार्डं कशी भरली, आणि मग त्याच कार्डांच्या ढिगाकडे बोट दाखवून 'बघा, हे लोक किती गुन्हेगार' कसं म्हटलं. शिष्यवृत्ती टोकियोची मिळाली म्हणून अभ्यास इथे. लोक हसतात. अमेरिकेचा इतिहास जपानात बसून? मी म्हणते, पोलीस चौकीत बसून कुठलाही इतिहास नीट दिसतो.

इथल्या मराठी लोकांचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एक शनिवार, भाड्याचा हॉल, चहा, चकली, आणि कुणीतरी विद्वान. या घटनेच्या तीन आठवडे आधी ती विद्वान मी होते. विषय शिकागो. तासभर बोलले. काय हळहळले लोक! "बापरे, किती रेसिस्ट." "अमेरिकेत हे असंच." बायका मान हलवत होत्या, पुरुष गोऱ्या पोलिसाला इंग्रजीत शिव्या देत होते. साता समुद्रापलीकडच्या काळ्या माणसासाठी रडायला काही लागत नाही. त्याला घर भाड्याने द्यायचं नसतं, मुलगी द्यायची नसते.

शेवटी मी पणज्याची हजेरी सांगितली. बापाचा अंगठा सांगितला. वाटलं, एवढे हळहळले आहेत तर हेही ऐकू देत. मग पहिल्या रांगेतून नंदूकाका उठले. आधी तेच टाळ्या वाजवायला लागले.

"केवढं धाडस, बेटा! स्वतःहून सांगितलंस. आम्हाला कळलंसुद्धा नसतं."

कळलंसुद्धा नसतं. मी ते कौतुक समजून घरी नेलं. मूर्ख मी.

चौकीतला फोन लागला. काकांचा फोनवरचा आवाज कसा आहे ते ओजिमातल्या कुणालाही विचारा. वीस वर्षांचं जपानी, अदबशीर, आणि दहा फुटांच्या चौकीत कोपऱ्यापर्यंत ऐकू जाणारं. शब्द न् शब्द मला कळला.

"हो, सायकल माझीच. दिली होती की नाही, नीट आठवत नाही. मुलगी अभ्यासू आहे. पण तिची जमात भारतात पोलिसांच्या नोंदीतली आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या सवयी असतात, एकदम जात नाहीत. माझी विनंती आहे, तिला सांभाळून घ्या."

पोलिसाने लिहून घेतलं. मी त्याच्या पेनकडे बघत होते. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं होतं, ते त्याच्या वहीत उतरत होतं. शिकागोची कार्डं मी चार वर्षं वाचली. माझं कार्ड डोळ्यांदेखत भरलं जाताना बघितलं. भरून देणारा गोरा नव्हता. पुण्याचा होता.

मग शाईची डबी आली.

पोलीस समजावत होता. बारीक प्रकरण आहे. बोट टेकवलंत की पाच मिनिटांत घरी. नाही टेकवलंत तर मोठ्या ठाण्यात जावं लागेल, वेळ लागेल, विद्यापीठाला कळवावं लागेल. माझा व्हिसा दोन महिन्यांनी नव्याने करायचा होता. प्रबंधाचं एक वर्ष बाकी. त्या कागदाने चोरी माझ्या नावावर चढणार. न दिलेल्या बोटाने कदाचित शिक्षणच जाणार. हा होता सौदा. फौजदाराचाच. फक्त इथे फौजदार वाकून बोलत होता.

मी बोट दिलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

पाऊण तासाने काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचा खोका. पोलिसांसाठी. चौकीत येताना भेट आणतो हा माणूस! खोका दिला, वाकले, त्रासाबद्दल माफी मागितली. पोलिसाने खोका घेतला नाही, पण वाकला. दोघं बराच वेळ वाकत होते. मग काका माझ्याशेजारी बसले आणि मराठीत आले.

"हे बघ, इमोशनल होऊ नकोस. एक बोट टेकव आणि मोकळी हो."

"तुम्ही सायकल दिली होतीत की नाही, काका?"

"अगं, तो प्रश्नच नाहीये. इथली सिस्टीम वेगळी आहे. सॉरी म्हटलं की विषय संपतो. उगाच ताणलंस तर आपल्या सगळ्यांचं नाव जाईल."

"आपल्या कुणाच्या?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग आवाज खाली आणून, कारण आता खालच्या आवाजाची आठवण झाली होती:

"माझा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. सहा महिने झाले. चिठ्ठी न करता सायकल दिली म्हणून माझं नाव चौकीच्या कागदावर नकोय मला. तुझं काय गं, तू स्टुडंट. तुझं चालून जाईल."

"कारण आमच्या सवयीच तशा. पिढ्यान् पिढ्यांच्या."

त्यांचा चेहरा उतरला. "तू ऐकलंस?"

"चौकी दहा फुटांची आहे, काका."

"मी चांगल्यासाठीच बोललो गं. त्यांनी तुला सौम्यपणे घ्यावं म्हणून. तूच तर सांगितलं होतंस सगळं, हॉलमध्ये, भर सभेत!"

हे त्यांचं उत्तर होतं. मी सांगितलं, म्हणून त्यांनी वापरलं. आमची जखम यांच्या टाळ्यांसाठी चालते, आणि वेळ आली की पोलिसाला द्यायला पुरावा म्हणूनही चालते. आणि वर हा माणूस दयाळू! खरं एका शब्दात सांगता आलं असतं. 'दिली.' त्या एका शब्दापेक्षा याला माझ्यासाठी दयेची भीक मागणं सोपं वाटलं. सत्य बोलण्यात याच्या अर्जाला धोका होता. दया मागायला खर्च नव्हता.

मी पोलिसाकडे वळले. जपानीत म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सोडवून:

"या कागदावर मी बोट ठेवणार नाही. हे तुमचे शब्द आहेत, माझे नाहीत. माझे शब्द लिहा. सायकल यांनी मला स्वतःच्या हाताने दिली, किल्लीसकट. आता यांना माझ्यासमोर विचारा. दिली की नाही दिली. आठवणीचं विचारू नका."

पोलिसाचं पेन थांबलं. त्याने काकांकडे बघितलं. बाहेरचा पोलीसही दारात येऊन उभा राहिला. मी किल्ली टेबलाच्या मध्यावर सरकवली. पितळेचा गणपती काकांकडे तोंड करून पडला होता. काकांनी रुमाल काढला, मान पुसली. वीस वर्षांचं जपानी कुठे गेलं कोण जाणे.

"दिली होती," ते म्हणाले.

एवढंच. एवढ्यासाठी दोन तास.

पोलीस चटकन उठला आणि वाकला. काकांसमोर! तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, क्षमा असावी. मग कोरा कागद काढला. सायकल दिल्याची चिठ्ठी इथेच लिहा, नाव बदलून घ्या, पुढे अडचण यायला नको. काकांनी चिठ्ठी लिहिली. बॅगेच्या आतल्या कप्प्यातून आपला शिक्का काढला. माझ्यासाठी उघडलेल्या शाईत त्या दुपारी एकच गोष्ट बुडाली, त्यांचं नाव. मला कुणी काही म्हटलं नाही. माझ्या वतीने लिहिलेला कागद मी मागितला. देत नाही म्हणाले. मग माझ्यासमोर फाडा म्हटलं. दोघा पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी फाडला.

फोनवरचं जे वहीत उतरलं, ते तसंच आहे. त्यावर मी लेखी हरकत दिली आहे. उत्तर आलेलं नाही. दर आठवड्याला विचारायला जाते.

चौकीबाहेर आल्यावर काकांचा श्वास परत आला.

"चला, झालं ना क्लिअर? मनात ठेवू नकोस हं. आणि ऐक, तुझं दुसरं लेक्चर ठेवूया. लोकांना फार आवडलं होतं. अमेरिकेतलंच दुसरं एखादं शहर घे."

मी हो म्हटलं.

दुसरं व्याख्यान मी देणार आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच चकलीसमोर. नंदूकाका, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगितलं आहे. शहर या वेळी अमेरिकेतलं नाही. फोनवर तुम्ही जे बोललात ते आधी जपानीत वाचेन, मग मराठीत. पणज्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. तो आता तुम्हाला मिळणार नाही. तोवर मी लिहिलेलं हे पत्रक सगळ्यांनी वाचा. हॉलच्या दारात मीच वाटते आहे.

सायकल आता माझ्या नावावर आहे. दुसऱ्या रस्त्याने गेले तर दहा मिनिटं वाचतात. मी रोज चौकीसमोरूनच जाते. अडवा. थांबेन. नाव सांगेन, किल्ली दाखवेन, चिठ्ठी दाखवेन.

बोट देणार नाही.