टीव्हीवर न दिसलेली गाठ

त्या वर्षी मी बाबांची किडनी पर्समध्ये घेऊन फिरत होते. नांदेडच्या स्कॅन सेंटरने पूर्वीसारख्या मोठ्या काळ्या फिल्म दिल्याच नाहीत. एक चकचकीत सीडी हातात ठेवली आणि म्हणाले, सगळं यात आहे. गाठ आहे, एवढं तोंडी सांगितलं. पुढचं ही सीडी बघून सर्जन ठरवतील.

पण बघणार कोण? हिंगोलीच्या डॉक्टरांकडे कॉम्प्युटर होता, त्यावर कंपाउंडर पत्ते खेळायचा आणि सीडीचा ट्रे बाहेरच येत नव्हता. वसमतच्या सायबर कॅफेत ती उघडली, तर पडद्यावर नुसती न कळणारी नावं आणि आकडे. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तर ती एक्स-रेसारखी ट्यूबलाइटसमोर धरली, उलटसुलट केली आणि तिच्यात बघून केसांवरून हात फिरवला. मला हसायचंही त्राण नव्हतं. सकाळी डोंगरकड्याच्या शाळेत शिकवायचं, परतताना एसटीत अंग चोरून उभं राहायचं, आणि घरी आलं की आईचं तसंच झाकून ठेवलेलं ताट. गाठ हा शब्द ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चहावर दिवस काढायची. घरात आजारी नेमकं कोण, हेच मला कळेनासं झालं होतं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. औरंगाबादच्या सर्जनची सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली होती, पण बाबांचं एकच, "मला न्हाई करायची कापाकापी." मी समजवायचे, चिडायचे, पुन्हा समजवायचे.

आदल्या दिवशी, रविवारी, शेजाऱ्यांनी सिनेमासाठी व्हीसीडी प्लेयर भाड्याने आणला आणि आमचा टीव्ही मोठा म्हणून आमच्याच घरी लावला. सिनेमा संपला, माणसं उठायला लागली, तेवढ्यात बाबांनी माझ्या पर्समधून ती सीडी काढली आणि प्लेयरमध्ये सरकवली.

"थांबा जरा. माझं पोट बघून जा."

सगळे परत बसले. आई भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बघत होती. प्लेयर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडदा निळा तो निळाच राहिला.

"दिसून राहिलं का कोणाला काई?" बाबांनी विचारलं.

"न्हाई बा."

"मंग? गाठ असती तर दिसली नसती का? पिक्चर तर बराबर दिसला याच्यात."

"व्हय की," शेजारीण म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बाबा, ती कॉम्प्युटरची सीडी आहे. यावर लागतच नाही ती," मी म्हणाले.

"तू गप," आई माझ्यावरच ओरडली. "सारखं वंगाळच काहून बोलून राहिली?"

एवढी वणवण केली आणि यांनी भाड्याच्या प्लेयरवर निकाल लावून टाकला. मी मागच्या दारी जाऊन बसले, ती अंधार पडेपर्यंत आत आले नाही. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मरू दे, म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही.

सोमवारी शाळेसाठी स्टँडवर आले तर बाबा पिशवी घेऊन उभे. इस्त्रीचा सदरा घातलेला.

"चल. औरंगाबादची गाडी लागली हाय. सीडी घेतली मी. तुझ्या आईला सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललो."

मी विचारलं, "आणि कालचं ते?"

"सारा जनम मशीनी खोलल्या बाई मी. कोणतं मशीन कशावर चालतं, येवढं कळत नसंल का मला?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काल तुझी आई दोन भाकरी जेवली. तू पाह्यलं न्हाई का?"