रंग न लावता रिपोर्ट

त्याचं नाव विसरलो, नाक लक्षात आहे. ऐंशीच्या दशकात मी लखनौच्या एका इस्पितळात गाठींच्या पेशी तपासायचो. मलिहाबादचा हा आंबा-बागवान मानेतल्या गाठीचा रिपोर्ट विचारायला आला. हातात येईल ते आधी हुंगायची त्याला सवय. माझी काचपट्टीही त्याने हुंगली आणि नाक मुरडलं.

कॅन्सर होता, पण पेशी कुठल्या अवयवातून आल्या ते कळेना, आणि उपचार त्यावरच ठरणार. मी त्याला समजावलं, की नवी रसायनं आली आहेत. ज्या रसायनाने पेशींवर तपकिरी रंग चढेल, त्यावरून त्यांचं मूळ कळेल.

"बस इतना? हम तो आम का डंठल सूँघकर बाग़ बता दें!"

रंग चढला. कॅन्सर लसिकाग्रंथींचाच निघाला, औषधांना दाद देणारा. त्याने ती दिलीही.

पुढच्या हंगामात स्वारी दशहरी आंब्यांची टोपली घेऊन हजर. "बताइए, किस बाग़ के?"

मी देठ हुंगला आणि ऐटीत म्हणालो, "आपके ही!"

तो पोट धरून हसला. "पड़ोसी के हैं, डॉक्टर साहब! बिना रंग लगाए रिपोर्ट दे दी?"